गौरम्मा माळ्यावर बसली

मे महिन्यात सोलापुरात पत्र्याखालच्या माळ्यावर चढणारा माणूस एक तर गरजू असतो, नाहीतर त्याचं डोकं थोडं फिरलेलं असतं. रत्नदीपच्या बाबतीत दोन्ही खरं आहे, असं त्याची बायकोच म्हणायची. एसी बसवायच्या धंद्यात त्याचं नाव होतं. जुळे सोलापूरच्या फ्लॅटांत भिंतीवर एसी टांगायला काय, कोणीही टांगतं. पण माळ्यावर मशीन बसवायचं, तिथून डक्टचा पत्र्याचा नळ फिरवायचा आणि खाली खोल्याखोल्यांत छतातल्या जाळीतून वारा सोडायचा, हे काम गावात मोजक्याच लोकांना जमायचं. त्यात आपला पहिला नंबर आहे, हे रत्नदीप स्वतःच सगळ्यांना सांगायचा. नम्रपणा त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

त्याच्या जोडीला धोंडिराम. बार्शीकडचा, वयानं मोठा, डक्टचा पत्रा कापण्यात पटाईत आणि बोलण्यात त्याहून पटाईत.

हे दोघं त्या उन्हाळ्यात गौरम्माच्या घरी काम करत होते. सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत गौरम्माचं घर, पुढच्या खोलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं दुकान. कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि तोंड असं की गिऱ्हाईक भाकरी दाबून बघायला लागलं की ती म्हणायची, "भाकरी हाय ती, लुगडं न्हवं. घ्यायची तर घे, न्हाई तर सूट हितनं." तरी दुकानाला गर्दी असायची. काही लोक भाकरीसाठी यायचे, काही तिचं बोलणं ऐकायला यायचे.

पण त्या दिवसांत ती गिऱ्हाइकांवर ओरडत नव्हती. तिचा एकुलता एक मुलगा पंचाक्षरी, शाळेत मास्तर, अक्कलकोट रोडला मोटारसायकलवरून पडला होता. मानेतली नस दुखावली. जीव वाचला, बोलणं-समजणं सगळं जागेवर होतं, पण छातीखालचं अंग त्याचं राहिलं नव्हतं. दवाखान्यात कित्येक महिने गेले. आता डॉक्टर म्हणत होते, घरी न्या. फक्त एक गोष्ट त्यांनी गौरम्माला आणि तिची सून श्रीदेवीला समोर बसवून सांगितली होती. ह्याच्या अंगाला आता घाम येत नाही. तुम्हाआम्हाला उकडलं तर घाम येतो, अंग निवतं. ह्याचं अंग तापतच जातं आणि माणूस हातचा जातो. खोली दिवसरात्र थंड पाहिजे. वारा थेट अंगावर आला तर पायात पेटके येतात, म्हणून तोही नको. हिवाळ्यात उलट, खोली गरम पाहिजे.

म्हणून रत्नदीपला बोलावलं होतं. पंचाक्षरीची खोली घराच्या मागच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी दगडी भिंत, पलीकडे शेजाऱ्यांची घरं. वर लाकडी तक्तपोशी, तिच्यावर माळा आणि माळ्यावर पत्रा. रत्नदीपनं बघून सांगितलं, "मावशी, मशीन पुढच्या खोलीच्या माळ्यावर बसवू. बाहेरचं युनिट रस्त्याच्या बाजूला राहील. डक्ट मागपर्यंत नेतो आणि मास्तरांच्या खोलीत चार कोपऱ्यांत जाळ्या सोडतो. वारा आलाय हे अंगाला कळणारसुद्धा नाही. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गरम."

"येईल का मागपर्यंत?"

"मी बसवल्यावर? न येऊन सांगतो कुणाला!"

पहिल्या दिवशी दोघं माळ्यावर चढले. माळा म्हणजे घरातल्या नकोशा वस्तूंचं गाव असतं. फुटक्या दुरड्या, पंचाक्षरीचा पाळणा, गंजलेले डबे, सासऱ्याची छत्री, सगळं खच्चून भरलेलं. पण मध्येच फळ्यांचा एक चौकोन एकदम मोकळा होता. तिथं टाचणीसुद्धा ठेवलेली नव्हती. रत्नदीपनं बॅटरी फिरवली आणि ओळखलं. खाली देवघर होतं.

"देवाच्या डोक्यावर काई ठेवत न्हाईत," धोंडिराम म्हणाला. "पाय बी न्हाईत ठेवत. पण डक्टला तर हीच सरळ वाट हाय की."

रत्नदीपनं बॅटरी तिथून दुसरीकडे वळवली. त्याला काय आठवलं असणार, ते धोंडिरामला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी एका बंगल्याच्या गच्चीवर रत्नदीपनं मशीन बसवलं होतं. काम झालं, मालकानं चहा पाजला, गोड बोलून निरोप दिला. खाली येऊन हा गाडीत सामान भरतोय तोवर वरून पन्हाळीतून धो धो पाणी यायला लागलं. मालक गच्ची धुऊन काढत होता. गाडीच्या काचेवरचं निळं चक्र आणि 'जय भीम' त्यानं उशिरा बघितलं असावं. त्या दिवसापासून रत्नदीपनं एक सवय लावून घेतली होती. जिथं देवाधर्माची गोष्ट येईल तिथं विचारायचंच नाही, आधीच वळसा घालायचा. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर गिळावं लागतं.

त्यानं खाली येऊन फरशीवर खडूनं गौरम्माला डक्टची वाट काढून दाखवली. पुढच्या खोलीवरून डावीकडे, मग भिंतीच्या कडेकडेनं, पत्रा जिथं खाली उतरतो तिथून, मग परत उजवीकडे मागच्या खोलीवर. गौरम्मा त्या रेघेकडे बघत राहिली. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. "तुला कळतंय, तू कर," एवढंच म्हणाली.

काम चांगलं झालं, निदान दिसायला. पंचाक्षरीला घरी आणायचं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी रत्नदीपनं मशीन चालू केलं. पुढच्या खोलीत जाळीखाली हात धरला तर बोटं गार पडली. धोंडिरामनं शर्टाची बटणं उघडून दोन मिनिटं ऐश केली. मग सगळे मागच्या खोलीत गेले. गौरम्मानं पलंगावर नवी चादर घातली होती. तिनं जाळीखाली तोंड वर केलं आणि थांबली.

"कुटाय वारा?"

वारा येत होता. म्हणजे फुंकर मारावी तेवढा येत होता, आणि तोही कोमट. रत्नदीपनं पंखा वाढवला, जाळ्या उघडून बघितल्या, परत वर चढून जोड तपासले. तासभर गेला, खोली तापलेलीच. त्याला कारण माहीत होतं, चढायच्या आधीपासून माहीत होतं. इतकी वळणं घेऊन वाऱ्याचा दम संपत होता, आणि भिंतीकडेला डक्ट तापलेल्या पत्र्याला जवळजवळ चिकटून गेला होता. वरून दाबलाही गेला होता. आपल्या हातून चालून जाईल असं त्याला वाटलं होतं. पहिल्या नंबरची मस्ती, दुसरं काय!

"होईल, मावशी. थोडा वेळ लागतो," तो म्हणाला.

"उद्या सकाळी आणतात त्याला," गौरम्मा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ॲम्ब्युलन्स सांगून झाली. तिकडची खाट दुसऱ्याला दिली. ह्या खोलीत ठेवला तर दुपारपतोर काय हुईल त्याचं? सांग की."

रत्नदीप पुन्हा जाळीखाली हात धरून बघायला लागला. तेव्हा धोंडिराम, ज्याला पोटात काही ठेवता येत नाही, तो बोलून गेला, "अक्का, देवघरावरनं सरळ नेला आसता तर आला आसता वारा."

"मग का न्हाई नेला?"

रत्नदीप हातातला पाना उलटासुलटा करत राहिला.

"खाली देवघर आहे, मावशी. वरची जागा तुम्ही मोकळी ठेवलीय."

"मोकळी ठेवलीय ते मला ठाव हाय, माझंच घर हाय! मग मला विचारायचं की! तोंडात काय भाकरीचा तुकडा अडकला हुता?"

रत्नदीपचं डोकं भडकलं. स्वतःवरचा राग होता, पण निघाला तिच्यावर. "विचारलं असतं आणि तुम्ही नको म्हणाला असता तर? देवासाठी नको म्हणताय की माझ्यासाठी नको म्हणताय, ते मला कसं कळणार होतं? मग मी हे घर सोडून जाईपर्यंत तेच डोक्यात घेऊन काम केलं असतं. त्यापेक्षा वळसा बरा!"

इतकं स्पष्ट तो कुठल्याच गिऱ्हाइकाशी बोलला नव्हता. आता ही म्हातारी आपल्याला सामानासकट रस्त्यावर काढणार, असं धोंडिरामला वाटलं आणि त्यानं चपला कुठं आहेत ते बघून ठेवलं.

गौरम्मा पलंगाच्या कडेवर बसली.

"तू खडूनं रेघ वडलीस तवाच मला दिसलं हुतं," ती म्हणाली. "ह्यो वळसा कशाला, आसं पार जिभेवर आलं हुतं बघ. पण म्हणलं, ह्याचा धरम येगळा. दुसऱ्याच्या देवावरनं जायला ह्याला बरं वाटत नसंल. आपण बोलायचं आन् ह्याला वाईट वाटायचं. म्हणून गप बसले. शिवा शिवा! जल्मात एकदा गप बसले, आन् ते बी नको त्या येळंला!"

धोंडिरामला हसू आलं, ते त्यानं खोकला करून गिळलं.

"आन् आता ऐक," गौरम्मा उठली. "त्या जागंवर माझा सासरा कदी गेला न्हाई, नवरा गेला न्हाई, मी न्हाई, माझं पोरगं न्हाई. लग्नाच्या दुसऱ्या दिशी सासूनं मला शपत घातली हुती. ती सगळ्यास्नी सारकी हाय, तुझ्यासाटी येगळी न्हाई. कळलं? आता शिडी नीट लाव."

"अहो, पण शपथ..."

"शिडी लाव म्हणलं की."

ती मोरीत गेली, हातपाय धुऊन आली. नव्या दुरडीत तिनं पांढरं फडकं अंथरलं. देवघरातले टाक, समई, तसबीर एकेक उचलून, कपाळाला लावून दुरडीत ठेवलं. मग गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि डोळे मिटून उभी राहिली. पंचाक्षरीचं नाव ज्या मंत्रावरून ठेवलं होतं तोच मंत्र ती पुटपुटत होती. देवावर अर्धा विश्वास असलेला माणूस वाद घालतो. हिचा पुरा होता, म्हणून तिला वाद घालायची गरज पडली नाही.

लिंग परत डबीत घालून तिनं पदर खोचला. "खाली आता देव न्हाई. देव माझ्यासंगं वर येतोय. धोंडिराम, दुरडी धरा. सांबाळून. अय्यो, आडवी धरू नका हो!"

आणि गौरम्मा शिडी चढली. गुडघे दुखत होते, प्रत्येक पायरीला ती "यप्पा" म्हणत होती, पण थांबली नाही. वर रांगत गेली, मोकळ्या चौकोनाच्या कडेला खांबाला पाठ टेकून बसली आणि दुरडी मांडीवर घेतली. मग फळीवर थाप मारून म्हणाली, "या. आता हितं कुणाच्या डोक्यावर पाय पडत न्हाई. देव तुमच्या बाजूला बसलाय."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. माळ्यावर तर श्वास घेतला की नाक पोळायचं. रत्नदीप घाबरला.

"मावशी, तुम्ही खाली जा. दुरडी इथं राहू द्या, आम्ही तिला धक्का लागू देत नाही."

"देवाला ह्या भट्टीत एकट्याला सोडून जाऊ व्हय? आन् मी खाली गेले की तुला परत वाटंल, म्हातारी तोंडानं बोलली, मनात न्हवतं. म्या हितंच बसणार. चुलीपुढं जलम गेला माझा, मला उन्हाची भीती घालतोस व्हय? कर काम."

मग रत्नदीपनं काम केलं. तसं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं, हे तो आजही शपथेवर सांगतो, आणि ह्या एका बाबतीत तो फुशारकी मारत नाही. भिंतीकडचा डक्ट सोडवला, वळणं काढून टाकली, धोंडिरामनं तिथंच बसून पत्रा कापला. सरळ एकच लांब नळ, पत्र्यापासून खाली, वरून जाड इन्सुलेशन. मधूनमधून रत्नदीप गौरम्माकडे बघायचा. तिचं तोंड लालबुंद झालं होतं, विभूतीचे पट्टे घामानं वाहून गेले होते. तो पाण्याची बाटली द्यायचा, ती आधी दुरडीवर चार थेंब शिंपडायची आणि मग प्यायची. एक हात दुरडीवर, ओठ हलताहेत, आणि नजर मात्र सगळी कामावर. "त्यो इस्क्रू आवळ की नीट," असंही मध्येच म्हणायची.

असा माणूस त्यानं पाहिला नव्हता. मोठमोठे लोक पाहिले होते, समतेवर भाषणं देणारे, गळ्यात हात टाकून फोटो काढणारे. त्यातल्या कुणीही त्याच्यासाठी मे महिन्याच्या दुपारी पत्र्याखाली बसलं नव्हतं. घाम पुसायच्या निमित्तानं त्यानं डोळे पुसून घेतले.

शेवटचा जोड नेमका गौरम्माच्या बाजूनं करायचा होता. जागा अशी अरुंद की पाय लांबवल्याशिवाय हात पोचेना, आणि पाय लांबवला की तो दुरडीला लागणार. रत्नदीप अडून बसला.

"काय झालं?"

"पाय लागेल, मावशी."

"लागू दे की," गौरम्मा म्हणाली. "मांडीवरच्या लेकराचा पाय लागतोच."

त्यानं पाय लांबवला. टाच दुरडीच्या काठाला टेकली. गौरम्मानं दुरडी मागं घेतली नाही, उलट त्याला जोर लावता यावा म्हणून ती घट्ट धरून ठेवली. जोड बसला.

दोघांनी तिला जवळजवळ उचलूनच खाली आणलं. पण ती बसली नाही. आधी देव जागेवर लावले, समई पेटवली, तेव्हा कुठं म्हणाली, "चालू कर."

मशीन घुमलं. तिघं मागच्या खोलीत जाळीखाली उभे राहिले. आधी काहीच नाही. मग नव्या चादरीचा कोपरा अलगद हलला, आणि गार हवा खाली उतरायला लागली. झोत नाही, आवाज नाही, नुसता गारवा. गौरम्मानं दोन्ही हात वर केले. मग तोंडाला पदर लावला आणि रडली, आवाज करून, पोटभर रडली. दवाखान्यातल्या एवढ्या महिन्यांत ती रडली नव्हती, असं नंतर श्रीदेवीनं सांगितलं.

धोंडिरामला असल्या वेळी गप बसवत नाही. "पण अक्का, देवाच्या डोक्यावर आता डक्ट ऱ्हाणार की कायमचा!"

"वारा हाय त्यो," तिनं नाक पुसत सांगितलं. "देवाच्या डोक्यावर वारा असतोच."

"मग देवघरात पण एक जाळी सोडू का?" रत्नदीपनं विचारलं.

"समई इझल की, मुडद्या!" ती ओरडली, आणि घर परत पहिल्यासारखं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी रत्नदीपचं तिथं काही काम नव्हतं, तरी तो गेला. ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरेना, तेव्हा स्ट्रेचर गल्लीच्या तोंडापासून हातानं आणावं लागलं. डोक्याकडची बाजू रत्नदीपनं धरली. तेवढ्याशा उन्हात पंचाक्षरीचा चेहरा तांबडा झाला होता, कपाळ कोरडं, श्वास भरभर चाललेला. श्रीदेवी ओला टॉवेल घेऊन बाजूनं धावत होती. त्याला पलंगावर ठेवलं आणि सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले. गौरम्मा कोपऱ्यात, हातात हात घट्ट.

हळूहळू त्याचा श्वास सावकाश झाला. चेहऱ्यावरचा तांबडेपणा उतरला. त्यानं वर जाळीकडे बघितलं, मग आईकडे.

"अव्वा, घरी आल्यासारखं वाटतंय," तो म्हणाला. "झोपू का जरा?"

"झोप बाबा," गौरम्मा म्हणाली, आणि सगळ्यांना हातानं बाहेर ढकललं.

दुकानात येऊन तिनं रत्नदीपला कडक भाकऱ्यांची चळत आणि चटणीची पुडी बांधून दिली. तो नको म्हणाला तर डोळे वटारले. तो पायरी उतरत होता तेव्हा तिनं हाक मारली.

"रत्नदीपा, पुन्यांदा कुणाच्या घरी आसा वळसा घालू नको. आधी विचार."

"विचारीन. पण नको म्हणाले तर, मावशी?"

गौरम्मानं समोरच्या गिऱ्हाइकाची भाकरी कागदात बांधली, सुतळी तोडली, आणि मान वर न करताच म्हणाली, "तर मला बोलाव. मी येते वर बसायला."